न टेकता उमटलेलं पान

प्लेट उजेडात धरली आणि बघतच राहिलो. अगरवर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीवर, अख्खं पान उमटलं होतं! कडा, टोक, मधली शीर, सगळं फिकट गुलाबी ठिपक्यांचं. पान तर अगरला कुठे टेकलंही नव्हतं. झाकणाच्या आतल्या बाजूला व्हॅसलिनने चिकटवून रात्रभर ठेवलं होतं आणि सकाळी काढून टाकलं होतं.

हे काम स्पोरोबोलोमायसिस या यीस्टचं. 1924 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या क्लॉयव्हर आणि व्हान नील या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, तेव्हापासून ही पद्धत शिकवली जाते. मीही ती वाचली होती, पण डोळ्यांनी बघणं वेगळंच. हे यीस्ट आपले बीजाणू चक्क फेकतं. एक गुलाबी ठिपका, म्हणजे यीस्टची कॉलनी, सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. बारीक देठावर घेवड्याच्या दाण्यासारखा बीजाणू, आणि त्याच्या बुडाशी पाण्याचा थेंब. थेंब फुगत गेला आणि क्षणात बीजाणू जागेवर नव्हता! थेंब बीजाणूच्या अंगावरच्या पाण्यात मिसळतो, त्या झटक्याने तो सुटतो. उडी मिलिमीटरच्या अंशाएवढीच, पण पानालगतच्या स्थिर हवेतून सुटायला बऱ्याचदा तेवढी पुरते. दमट हवा लागते, म्हणून शेतात हा मारा मुख्यतः रात्री चालतो.

शेजारच्या प्लेटवर त्याच फांदीचं कोवळं पान होतं. तिथे मोजके ठिपके, आकार काही लागेना. जून पानाच्या प्लेटवर मात्र शिरेलगत दाटी. कारण उघड आहे. पान जुनं होत जातं तशी त्यातून साखर जास्त पाझरते, परागकण साचतात, माव्याचा चिकटा पडतो. पाणी शिरेच्या खळगीत टिकतं. गुलाबी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, तो उन्हातल्या अतिनील किरणांपासून सांभाळतो. उघड्या पानावर दिवस काढायचा तर ते हवंच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती यांची भूक. रोगकारक बुरशीचे काही बीजाणू पानावरची साखर मिळाली तरच जोमाने रुजतात, आणि ती साखर ही यीस्ट आधीच संपवतात. बुरशीनाशक फवारताना आपण रोगाचा विचार करतो. त्याच फवाऱ्याने हे राखणदारही जातात, हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

तरी या चित्रावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. त्यात फक्त बीजाणू फेकणारेच दिसतात. रोडोटोरुला, क्रिप्टोकॉकस ही यीस्ट आणि काळपट होत जाणारी यीस्टसारखी बुरशी ऑरिओबॅसिडियम पानावर भरपूर असतात, पण ते असे बीजाणू फेकत नाहीत. त्यासाठी पान धुवावं लागतं. म्हणून दुपारी त्याच फांदीची उरलेली पानं निर्जंतुक पाण्यात हलवली, ते पाणी टप्प्याटप्प्याने पातळ केलं आणि नव्या प्लेटवर पसरलं. जिवाणू वाढू नयेत म्हणून अगरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलं होतं. या प्लेटवर गुलाबीपेक्षा पांढऱ्या, बुळबुळीत कॉलन्याच जास्त निघाल्या.