तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या जीटीओला नवे ब्रेक कशाला?

माझी 1967ची पॉन्टिॲक जीटीओ कन्व्हर्टिबल बघून लोक आधी खूश होतात. मग वाकून चाकाच्या आत डोकावतात आणि विचारतात, "रंग, सीट, कापडी छत सगळं मुळाबरहुकूम केलंत, मग डिस्क ब्रेक आणि पाच गिअर कशाला घातलेत? गाडी मूळ राहिली कुठे?" डेट्रॉइटच्या मंडळातले मित्र विचारतात, जुन्या गाड्यांचे शौकीन जिथे जमतात त्या डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यू रस्त्यावर भेटणारे अमेरिकन आजोबाही विचारतात. उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

मुळात जीटीओ जन्माला आली तीच फेरफारातून. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा तेव्हा पॉन्टिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा नियम होता. 1964च्या मॉडेलसाठी पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या पॉन्टिॲकचं 389 घन इंचांचं इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम आकाराच्या गाडीत बसवलं आणि जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न करता ऑप्शन म्हणून विकायला काढलं. नियम मॉडेलला होता, ऑप्शनबद्दल त्यात काही नव्हतं! रॉयल ओकमधली रॉयल पॉन्टिॲक ही डीलरशिप त्याच्याही पुढे गेली. कोऱ्या गाडीच्या कार्बोरेटरचे जेट बदल, इग्निशनचं टायमिंग बदल, पातळ हेड गास्केट घाल, असं सगळं ते करून द्यायचे, आणि अशा गाड्या याच वुडवर्डवर पळायच्या. त्यामुळे कारखान्यातून आली तशीच ठेवली तरच ती खरी, हे मला पटत नाही.

माझ्या हातात आली तेव्हा गाडीचा तळ गंजाने खाल्ला होता. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि छताच्या कडेने झिरपलेलं पाणी कार्पेटखाली साठतं ते वेगळंच. कन्व्हर्टिबलला डोक्यावर पोलादी छप्पर नाही, म्हणून तिची चेसिस कारखान्यातच जास्त मजबूत केलेली असते. तरीही तळाचा पत्रा कापला की बॉडी मधोमध दबू शकते आणि मग दारं काही केल्या लागत नाहीत. म्हणून आधी दोन्ही दारांच्या चौकटीत आतून चौकोनी पाइप वेल्ड केले, दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत मोजून लिहून ठेवल्या, आणि मगच ग्राइंडर हातात घेतला. नवा पत्रा वेल्डिंगचे टाके मारत बसवायचा आणि मध्येमध्ये दार लावून बघायचं. फट वर रुंद, खाली अरुंद दिसली की टाके तोडायचे, पुन्हा जुळवायचं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. आज दार एका बोटाने लोटलं तरी टक्कन लागतं. त्या आवाजाचा मला रंगापेक्षाही जास्त अभिमान आहे.

आता ब्रेक. सुमारे 1600 किलोची गाडी, 335 अश्वशक्ती, आणि थांबवायला चार साडेनऊ इंची ड्रम! ड्रम तापला की फुगतो, लायनिंगची पकड जाते, आणि पाय दाबत राहावं तरी गाडी पुढेच. हे पॉन्टिॲकलाही माहीत असावं, कारण 1967पासून पुढच्या चाकांना डिस्क जादा पैसे देऊन मिळायला लागले. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते घेतले नव्हते, मी घेतले. 1968 साली अमेरिकेत पुढच्या सीटला खांद्यावरचा पट्टा सक्तीचा झाला, त्यातूनही कन्व्हर्टिबल वगळल्या होत्या. माझी मुलगी या गाडीत बसते. तीन टोकांचे पट्टे आणि रेडियल टायर यांच्यावर मी वाद घालत नाही.

गिअरबॉक्सचं कारण साधं आहे. चार गिअरच्या मूळ मन्सी बॉक्सवर हायवेला ताशी 70 मैलांच्या वेगात इंजिन मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या आसपास ओरडत असे. पाचव्या गिअरने ते 2200वर आलं. छत उघडं ठेवून शेजारच्याशी बोलता येतं. मन्सी बॉक्स आणि ड्रम ग्रीस लावून, गुंडाळून ठेवलेत. पुढच्या मालकाला हवे तर बसवता येतील.

इंजिनाला मात्र मी बदली आणली नाही. जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं एलएस इंजिन घाला, जास्त ताकद, कमी पेट्रोल, असं खूप जणांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण या गाडीचा जीव त्या 400 घन इंचांच्या, म्हणजे 6.6 लिटरच्या इंजिनात आहे. तेव्हाचं शिसं घातलेलं पेट्रोल आता मिळत नाही, म्हणून हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आणि 10.75चं कॉम्प्रेशन पिस्टन बदलून कमी केलं. क्वाड्राजेट कार्बोरेटर तसाच आहे. अर्ध्या पेडलपर्यंत त्याची पुढची दोन लहान तोंडं गुपचूप काम करतात. आणखी दाबलं की मागची दोन मोठी उघडतात, बोनेटखालून घुमणारा आवाज येतो आणि पाठ सीटला चिकटते. हे बदलून मी काय मिळवणार होतो?

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर आधी तिची कागदपत्रं काढा. 1967 साली जीटीओ कन्व्हर्टिबल 9,517 बनल्या, आणि रॅम एअर इंजिनाच्या, म्हणजे बाहेरची थंड हवा थेट ओढणाऱ्या जादा ताकदीच्या इंजिनाच्या, तर अगदी थोड्या. तशी न कापलेली, पुराव्यासकट असेल तर तिला पानाही लावू नका, जपा. माझ्यासारखी गंजलेली, चालवायला घेतलेली असेल तर पहिला खर्च ब्रेकवर करा. रंगाचं नंतर बघता येतं.