जहाजावरचा कोट

क्रूझची बॅग भरताना टी-शर्ट, चड्ड्या, चपला यांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. अडतं ते कोटापाशी. जहाजाच्या कागदांत कुठेतरी ‘दोन फॉर्मल नाइट’, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या दोन रात्री, असं छापलेलं असतं, आणि तेवढ्यापायी गृहस्थ पलंगावर कोट पसरून त्याच्याकडे बघत उभे राहतात. न्यावा तर अर्धी बॅग खाणार. न न्यावा तर जेवणघराच्या दारात कुणी हटकेल काय, ही धास्ती.

हटकणं न हटकणं जहाजावर अवलंबून. क्युनार्ड या जहाज कंपनीची मंडळी अजून जुन्या वळणाची. त्यांच्या ‘गाला इव्हिनिंग’ला डिनर जॅकेट, म्हणजे रात्रीच्या समारंभाचा खास कोट, किंवा गडद सूट हवा, गळ्यात टाय नाहीतर बो हवा. स्कॉटिश माणूस किल्ट घालून आला तर त्याचं स्वागतच होतं. लष्करी गणवेश किंवा आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो. बाकीच्या कंपन्यांनी हळूहळू गाठी सैल केल्या आहेत. सेलेब्रिटीने ‘फॉर्मल’ हा शब्दच टाकून ‘इव्हिनिंग शिक’ असं नाव घेतलं, कार्निव्हल ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते. नाव जितकं गुळमुळीत, तितका नियम मवाळ, असं खुशाल समजावं. नॉर्वेजियनवर सक्ती नाही आणि वायकिंगच्या जहाजांवर फॉर्मल नाइटच नसते. शिवाय नटण्याचा अगदी कंटाळा असेल तर बुफे असतोच. तिथे वाढणाऱ्यांना तुमच्या गळ्याशी काही देणंघेणं नसतं.

सात रात्रींच्या सफरीत अशा रात्री बहुधा एक किंवा दोन. पहिली अनेकदा दुसऱ्या संध्याकाळी येते, आणि त्याला कारण आहे. पहिल्या दिवशी सामान हमालांच्या हवाली झालेलं असतं आणि ते खोलीच्या दाराशी कधी येईल याचा नेम नसतो. बंदराच्या दिवशी लोक उन्हातून दमून परततात. दिवसभर जहाज समुद्रात असलं की मात्र सगळ्यांना दुपार मोकळी मिळते, दाढीला वेळ मिळतो आणि इस्त्रीवाल्यांपुढे रांगही लागते. म्हणून कोटाला दाब द्यायचा असेल तर पहिल्याच संध्याकाळी द्यावा. खोलीत स्वतःची इस्त्री आणायची बंदी असते, वाफेचं यंत्रही बहुतेक ठिकाणी काढून घेतात. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी असते, त्यामुळे तिथे वाद घालू नये. काही जहाजांवर धुलाईची खोली असते आणि तिथे इस्त्री सापडते. काहींवर ती खोलीच नसते.

आता सूट की टक्सेडो, म्हणजे ते डिनर जॅकेट? ज्याच्याकडे टक्सेडो आधीच आहे आणि जो जुन्या वळणाच्या जहाजावर चालला आहे, त्याने तो जरूर न्यावा. बाकी सगळ्यांनी एक गडद लोकरी सूट न्यावा, कोळशाच्या रंगाचा किंवा गडद निळा, आणि निश्चिंत व्हावं. दोन्ही रात्री तोच सूट, शर्ट आणि टाय बदलून. दुसऱ्या रात्री ‘कालचाच कोट’ असं कुणी म्हणत नाही, कारण पुरुषांचे गडद कोट लांबून सारखेच दिसतात. ही पुरुषांना मिळालेली मोठीच सवलत आहे. फक्त काळ्या ऑफिसच्या सुटावर बो बांधून त्याचा टक्सेडो करायला जाऊ नये. टक्सेडोच्या लेपलवर, म्हणजे छातीवर दुमडलेल्या कोटाच्या कडेवर, सॅटिनचं किंवा बारीक रेघांच्या रेशमी कापडाचं आवरण असतं, पँटच्या बाहेरच्या शिवणीवर त्याच कापडाची पट्टी असते. ती दोन्ही नसतील तर बो टाय एकटा पडतो, आणि माणूस बँडमध्ये वाजवायला आल्यासारखा वाटतो.

टक्सेडो हे नाव अमेरिकेतलं, न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कवरून पडलेलं. तिथला क्लब १८८६ सालचा. इंग्रज त्याला डिनर जॅकेट म्हणतात. त्याची रचना काटेकोर आहे आणि चुका इथेच होतात. पट्टा लावत नाहीत, म्हणून पँटला लूप नसतात. बाजूला ताणायच्या पट्ट्या असतात किंवा खांद्यावरून गॅलिस. कमरेला कमरबंद, हा आपलाच शब्द इंग्रजांनी जहाजातून नेला. त्याच्या चुण्यांची तोंडं वर असावीत. उलटा बांधलेला कमरबंद जाणकाराला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. शर्टाला समोर बटणांऐवजी काजांत अडकवायचे स्टड असतात, साधारण चार, शिवाय कफलिंकची जोडी. स्टड म्हणजे हरवण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू. पलंगाखाली घरंगळलेला स्टड शोधायला चालत्या जहाजात गुडघ्यावर बसणं हा व्यायाम टाळायचा असेल, तर गोळ्यांच्या छोट्या डबीत एक जादा स्टड ठेवावा, किंवा आतल्या बाजूने साधी बटणंही असलेला शर्ट घ्यावा.

बो टायची तर लोकांनी उगाच धास्ती घेतली आहे. ती बुटाच्या नाडीचीच गाठ आहे, फक्त हनुवटीखाली आणि आरशात उलटी. टाय गळ्यात घालून डावं टोक उजव्यापेक्षा दीड इंच लांब ठेवावं. लांब टोक आखूडावरून नेऊन खालून वर काढावं आणि ही पहिली गाठ चांगली आवळावी. ती ढिली राहिली की पुढचं सगळं घसरतं आणि जेवताना बो एका बाजूला मान टाकतो. मग आखूड टोकाची घडी घालून तिला बोचा आकार द्यावा आणि कॉलरपाशी आडवी धरावी. लांब टोक तिच्या मधोमध खाली सोडावं. पुढची पायरी अवघड: त्या लांब टोकाची मधेच घडी घालून ती घडीच, टोक नव्हे, पुढच्या बोच्या मागे जे बारीक भोक तयार झालेलं असतं त्यातून ढकलायची. नव्वद टक्के मंडळी इथे टोक ढकलतात आणि हातात नुसता फास उरतो. घडी पलीकडे निघाली की दोन्ही बाजूंच्या घड्या धरून ओढायचं. थोडा वाकडा राहिला तर राहू द्यावा. हाताने बांधल्याची तीच खूण. सराव करायचा तर आधी मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर बांधून बघावा. तिथला घेर मानेच्या बराच जवळ जातो आणि काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. एवढं जमलं नाही तर तयार बांधलेला बो घ्यावा, लाज बाळगू नये. कॉलर खाली दुमडलेली असली की त्याचा पट्टा झाकलाच जातो.

कोट बॅगेत घालण्याचीही एक पद्धत आहे. आधी खिसे रिकामे करायचे. एक खांदा उलटा करून अस्तर बाहेर आणायचं आणि दुसरा खांदा त्याच्या आत बसवायचा, म्हणजे कोट उभा दुमडला जातो आणि बाहेर फक्त अस्तर राहतं. त्याला लाँड्रीच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचं. प्लास्टिकवर कापड घसरतं, एका जागी रुतून बसत नाही, म्हणून घडीची रेघ पक्की होत नाही. मग गुंडाळलेले टी-शर्ट मधे ठेवून त्यांवर कमरेपाशी एकदा दुमडायचा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवायचा. खोलीत शिरल्यावर पहिलं काम तो बाहेर काढून टांगण्याचं. लोकरीला ओलाव्यात सुरकुत्या सोडायची सवय आहे, त्यामुळे न्हाणीघराचं दार लावून दहा मिनिटं गरम पाण्याचा फवारा सोडला की कोट बराच ताठ होतो. सुती शर्टावर ही युक्ती चालत नाही. तिथे इस्त्रीच लागते, किंवा मुळातच बिनइस्त्रीचा शर्ट. टांगायला जागा कमी पडली तर एक छोटी गंमत: खोलीच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हूक त्यांना चिकटतात. कोटाचं वजन झेलणारे दोन भक्कम हूक बॅगेत असावेत. विमानाने बंदर गाठायचं असेल तर कोट हातातल्या बॅगेत. जहाज हरवलेल्या सामानाची वाट बघत नाही.

बुटांचं काय ते थोडक्यात, पण महत्त्वाचं. कपाटात पाच-सात वर्षं पडून असलेले समारंभाचे बूट थेट जहाजावर नेऊ नयेत. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे तळ हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात, न वापरताही. वरून बूट चकचकीत दिसतो आणि जिन्यावर चौथ्या पायरीला तळ बिस्किटासारखा भुगा होऊन मागे राहतो. निघण्याआधी पंधरा दिवस घरात अर्धा तास घालून चालावं. त्याच वेळी पँटही घालून बसून बघावी, उभं राहून नव्हे. जहाजावर दिवसातून चार वेळा जेवण समोर येतं, त्यामुळे सफरीच्या सुरुवातीला नेमकी बसणारी पँट दुसऱ्या फॉर्मल नाइटला बसेलच असं नाही. शिंप्याकडून आत दाबलेलं कापड इंचभर सैल करून घेतलेलं बरं.

उकाड्यातल्या प्रदेशात हस्तिदंती रंगाचं डिनर जॅकेट काळ्या पँटवर शोभतं. त्याच्या लेपलला सॅटिन नसतं, कोटाचंच कापड असतं. त्याहून पुढे गेले ते ब्रिटिश नौदलातले अधिकारी. लाल समुद्रातल्या गरमीत त्यांनी कोटच काढून टाकला, कमरबंद तेवढा ठेवला आणि त्याला ‘रेड सी रिग’ असं रीतसर नाव दिलं. आता जेवणघरात एसी इतका असतो की कोटाचे आभार मानावेसे वाटतात. तरी क्युनार्डच्या पाहुण्याने स्वतःला नौदल अधिकारी समजून बिनकोटाचं जेवायला जाऊ नये.

शेवटच्या रात्री फॉर्मल नाइट नसते, कारण बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या नेतात आणि सकाळी बंदरावर देतात. दर सफरीत कुणीतरी उत्साहाने सगळं भरून बॅग बाहेर लावतो आणि पहाटे त्याला कळतं, की अंगावरच्या पायजम्याखेरीज खोलीत एकच कपडा उरला आहे: चुरगळू नये म्हणून हूकवर टांगून ठेवलेला कोट.