फुकट आलेल्या बाटलीचं देणं

"भाऊ, माल फुकट भेटते, तर मंग चांगलंच बोला लागत असन ना?" आमच्या यवतमाळकडे बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठंही गेलो तरी हा प्रश्न येतोच. मी पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीचा शेतकरी. कंपन्या फवारणी पंप, पिकाच्या वाढीसाठी फवारायच्या टॉनिकच्या बाटल्या पाठवतात, मी त्या वावरात वापरून व्हिडिओ टाकतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो.

चांगलं बोलायचं बंधन नाही. तशी अट असली तर मी पार्सल घेतच नाही. पण वस्तू फुकट मिळाली हे सांगायचं बंधन आहे, आणि ते सरकारी नियमाचं आहे. 2023 च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं स्पष्ट केलं की फुकट वस्तू हाही कंपनीशी असलेला संबंधच, तो उघड करावा लागतो. व्हिडिओखाली बारीक अक्षरात लिहून भागत नाही, व्हिडिओत तोंडानं सांगावं लागतं. दिशाभूल केली तर दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो. मी ते वाक्य सुरुवातीलाच बोलतो, आपल्या वऱ्हाडीत, म्हणजे कोणाचं ऐकायचं राहू नये. महागडा पंप वापरून झाला की परत पाठवतो. वस्तू ठेवून घेतली की तिची किंमत मिळकतीत धरली जाते, तो हिशेब वेगळाच.

खरं देणं मात्र कंपनीचं नाहीच. माझा व्हिडिओ पाहून एखादा माणूस कृषी केंद्रातून तीच बाटली उधारीवर उचलतो, आणि ती उधारी त्याच्या कापसातून फिटते. मला बाटली फुकट पडली, त्याला नाही. म्हणून टॉनिक मी अर्ध्या पट्ट्यावरच मारतो, बाजूची तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, तशाच सोडतो. बियाणं एक, खत एक, पेरणी एकाच दिवशीची. कंपनीला आठ दिवसांत व्हिडिओ पाहिजे असतो, कारण तेव्हा पानं काळीभोर हिरवी दिसतात. पान हिरवं झालं म्हणजे बोंडं वाढली असं नसते. वेचणीचा कापूस दोन्हीकडचा वेगळा मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. दिवाळी उलटून जाते, कंपनीवाले चिडतात, काही पुन्हा फोनच करत नाहीत. त्याला माझा इलाज नाही.

कीटकनाशकाचे नमुने मी मुळीच घेत नाही. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्यात दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारणाऱ्यांची घरंही उघडी पडली. कोणतं औषध कशात मिसळावं हे माझ्या व्हिडिओवरून कोणी ठरवावं, एवढी जोखीम मी कोणाच्या जिवावर घेणार नाही.

टॉनिकच्या बाटलीवरही घटक, उत्पादक, बॅच नंबर छापलेला नसला तर ती उघडत नाही. "ट्रायलचा माल आहे, लेबल नंतर लागेल" असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच म्हणतो, लेबल लागल्यावर पाठवा.