आरएसआयचा ताळा जुळेपर्यंत

‘आरएसआय शून्य ते शंभर यांमध्ये फिरतो. सत्तरच्या वर ओव्हरबॉट, तीसच्या खाली ओव्हरसोल्ड. आपलं तिकीट बंद करत आहोत.’

माझ्या ब्रोकरच्या कस्टमर केअरचं हे तिसरं उत्तर. आरएसआय म्हणजे शेअरच्या अलीकडच्या वाढी आणि घटी तोलून काढलेला आकडा; ओव्हरबॉट म्हणजे भाव फार चढलेला, ओव्हरसोल्ड म्हणजे फार उतरलेला; आणि तिकीट म्हणजे माझी तक्रार. मी एवढंच विचारलं होतं की तुमच्या चार्टवरचा आरएसआय कुठल्या सरासरीने काढलेला असतो. पहिल्या उत्तरात कॅशे साफ करायला सांगितलं, दुसऱ्यात ॲप अपडेट करायला. फोन केला की वीस मिनिटं संगीत, मग ‘मॅडम, टेक्निकल टीमला कळवते’. नऊ दिवस गेले आणि तिन्ही उत्तरांत ‘सरासरी’ हा शब्द एकदाही आला नाही. आज सगळं सुटलं आहे, तरी तो राग गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पतसंस्थेत हिशेब बघते. दहा पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत आम्ही किर्द बंद करत नाही. त्यामुळे ज्या आकड्यावर माझे पैसे लागणार, तो मला स्वतःला काढता आला पाहिजे, हे माझ्या दृष्टीने अगदी साधं आहे. डीमॅट, केवायसी, बँक जोडणी वगैरे दोन दिवसांत झालं, त्याबद्दल तक्रार नाही. २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला, १ नोव्हेंबरच्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून, मी रिलायन्सचा बंद भाव रोज एक्सेलमध्ये टाकायला लागले. डिसेंबरअखेर चाळीस भाव झाले. चौदा दिवसांतल्या वाढीची सरासरी, चौदा दिवसांतल्या घटीची सरासरी, पहिलीला दुसरीने भागायचं, त्यात एक मिळवायचा, शंभरला त्याने भागायचं आणि येईल ते शंभरातून वजा करायचं. सूत्र सगळीकडे हेच दिलेलं असतं. मी तसंच केलं आणि चार्टपेक्षा चार-साडेचार अंकांचा फरक आला.

तीस आणि सत्तरच्या रेषांजवळ चार अंक म्हणजे खरेदी करायची की थांबायचं, एवढा फरक आहे.

भाव पुन्हा तपासले, रकाने पुन्हा तपासले. चूक सापडेना. मग एका दिवशी शेअर वर बंद झाला, चार्टवरचा आरएसआय वाढला आणि माझा मात्र खाली आला. भाव चढल्यावर आरएसआय पडेलच कसा? इथे मला धागा मिळाला. सोपे आकडे घेऊन सांगते. समजा, चौदा दिवसांची सरासरी वाढ ६.२० रुपये आहे आणि सरासरी घट ३.१०. आरएसआय ६६.६७. आज शेअर ८ रुपये वाढला. पण चौदा दिवसांपूर्वी २२ रुपयांची एक मोठी वाढ होती, ती आज खिडकीतून बाहेर पडली. साध्या सरासरीने वाढ ५.२० होते आणि आरएसआय ६२.६५ वर येतो. आज काहीही वाईट घडलेलं नाही, फक्त एक जुना दिवस गळाला.

चार्ट असं करत नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. एका चार्टच्या साइटवर इंडिकेटरचं सूत्र उघडून बघता येतं, ते त्याने दाखवलं. तिथे सरासरीच्या जागी ‘आरएमए’ लिहिलं होतं. म्हणजे जे. वेल्स वाइल्डर यांची पद्धत. १९७८ मध्ये आरएसआय त्यांनीच मांडला, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. पहिल्या चौदा दिवसांची सरासरी साधी काढायची. त्यानंतर कालच्या सरासरीला तेराने गुणायचं, आजचा आकडा मिळवायचा, चौदाने भागायचं. वरच्या उदाहरणात वाढ ६.३३ येते, घट २.८८ आणि आरएसआय ६८.७४. हातात कॅल्क्युलेटर असला तरी पुरे, कारण कालचा एकच आकडा जवळ ठेवावा लागतो. मला ही पद्धत फार आवडली, आमच्या मागील शिलकेसारखी आहे. हे एवढं वाक्य कस्टमर केअरला नऊ दिवसांत लिहिता आलं नाही!

तरी ताळा जुळला नाहीच. फरक कमी झाला, संपला नाही. कारण माझे भाव चाळीसच. त्यांतून रोजचे चढउतार निघतात एकोणचाळीस, पहिले चौदा सुरुवातीच्या सरासरीत गेले, उरले पंचवीस. तेरा भागिले चौदा हा अपूर्णांक पंचवीस वेळा गुणला की ०.१५७ येतो. म्हणजे त्या पहिल्या सरासरीचं जवळजवळ सोळा टक्के वजन अजून माझ्या आकड्यात बसलेलं होतं, आणि चार्टची सुरुवात कितीतरी आधीची. निदान दीडशे दिवस मागून सुरुवात करा, मग हा फरक उरत नाही.

मी वर्षभर मागे गेले, एनएसईच्या भावकॉप्या (शेअर बाजाराच्या रोजच्या भावांच्या याद्या) उतरवल्या आणि फरक उलट प्रचंड वाढला. त्या रात्री मी खरंच रडकुंडीला आले होते. सकाळी चहा घेताना यादीवरून बोट फिरवत गेले, तर २८ ऑक्टोबरला भाव सुमारे २,६५० वरून थेट १,३३० च्या घरात. बोनस! एकास एक, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट शेअर, त्यामुळे भाव निम्मा. भावकॉपीत जुने भाव आपोआप निम्मे होत नाहीत, ते आपण करायचे. चार्टवर ते आधीच झालेले असतात. माझ्या एक्सेलने तेराशे रुपयांची घट मोजली होती.

भावकॉपीवरून आठवलं, तिच्यात ‘क्लोज’ आणि ‘लास्ट’ असे दोन वेगळे रकाने असतात. क्लोज म्हणजे साडेतीनला झालेला शेवटचा सौदा नव्हे. मी ज्या काळातले भाव घेतले त्यात तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांचा भारित सरासरी भाव आहे. माझ्या चार्टवर संध्याकाळी उशिरापर्यंत शेवटचा सौदा दिसायचा, मग तो बदलायचा. म्हणून मी रात्री नऊनंतरच आकडा टिपते. बाजार चालू असताना तर बघूच नका. पावणेतीनला २९ दिसलेला आरएसआय बंद होताना ३३ झालेला मी दोनदा पाहिला आहे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, जुने भाव निम्मे करून, सगळे क्लोज भरून, मी एंटर दाबलं आणि दशांशानंतरचे दोन्ही आकडे जुळले. वर्षअखेरची तेरीज जुळल्यावर होतो तसा आनंद झाला. भाच्याला तिथूनच फोन केला.

आता व्यवहाराचं. मी फक्त डिलिव्हरीत घेते, म्हणजे शेअर विकत घेऊन खात्यात ठेवते. बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाल्याचं आलं, त्यामुळे त्या वाटेला मी जाणार नाही. सत्तर ओलांडलं म्हणून लगेच विकूही नका, जोरदार तेजीत आरएसआय कितीतरी दिवस सत्तरच्या वरच राहतो. मी आरएसआय तीसच्या खाली जाऊन पुन्हा तीसच्या वर बंद झाला तरच शेअर घेते, तेही त्याचा भाव दोनशे दिवसांच्या सरासरी भावाच्या वर असेल तर. त्यामुळे संधी फार कमी मिळतात, ते मला चालतं. खरेदी-विक्री दोन्हीवर ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा कर) लागतो, विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) वेगळा, तेव्हा दोन-चार शेअर्सची उलाढाल परवडत नाही.

एटीआर (भावाच्या चढउताराचा आवाका) आणि एडीएक्स (कलाचा जोर) हे आकडेसुद्धा वाइल्डर यांचेच. तिथेही हीच सरासरी लागते, त्यामुळे तेरा-चौदाचं सूत्र एकदा बसवलं की तेही काढता येतात.

बंद केलेलं तिकीट मी पुन्हा उघडून घेतलं. त्यात सूत्र, माझी एक्सेल आणि एक विनंती पाठवली: मदतीच्या पानावर एक ओळ टाका, आमचा आरएसआय वाइल्डर यांच्या सरासरीने काढलेला असतो.