मे महिन्यातलं अंदमान: बत्तीस डिग्री आणि पुणेकराची बॅग

आमचं अंदमानचं नक्की झालं तेव्हा धाकट्या दिराने मोबाइल माझ्यापुढे धरला. "वहिनी, हे बघ. तिकडे बत्तीस, आपल्याकडे शिवाजीनगरला एकोणचाळीस. तुम्ही तर थंड हवेच्या ठिकाणी निघालात!"

हा विनोद कोथरूडमध्ये पंख्याखाली बसून ठीक आहे. पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, पण रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणतो) विमानतळाच्या एसीतून बाहेर पाऊल टाकलं की आधी चष्म्यावर वाफ धरते. ती पुसेपर्यंत पाठीला कुर्ता चिकटलेला असतो. नवरा म्हणाला, "गाडीत बसलो की बरं वाटेल." बरं वाटलं ते थेट हॉटेलच्या खोलीत.

पुण्याचं ऊन कडक असलं तरी कोरडं. एप्रिल-मेमध्ये दुपारी आपल्याकडची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. घाम आला कधी आणि उडाला कधी हे कळतही नाही, आणि उडताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं तेही असंच. अंदमानात आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्के. तिथे माठ ठेवला तर पाणी फारसं गार होणार नाही, आणि आपणही होत नाही. बत्तीस डिग्रीला अशी दमट हवा जोडली की अंगाला जाणवणारी उष्णता चाळीसच्या पुढे जाते. शिवाय पुण्यात रात्री गच्चीवर जरा हवा सुटते. तिकडे पहाटेसुद्धा पारा चोवीस-पंचवीसच्या खाली उतरत नाही. तेव्हा बॅग भरताना तापमानाच्या आकड्याकडे नाही, आर्द्रतेच्या आकड्याकडे बघा.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि ही कुणी आधी सांगत नाही. अंदमान आपल्यापासून रेखांशाने जवळजवळ एकोणीस अंश पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे मेच्या सुरुवातीला पाचच्या सुमारास चक्क सूर्य वर येतो आणि संध्याकाळी साडेपाचला मावळतो. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो साडेबाराला. पोर्ट ब्लेअरला सव्वाअकरालाच. म्हणजे "अकरापर्यंत समुद्रावर खेळू, मग ऊन वाढलं की परत" हा आपला हिशोब तिकडे पार उलटा पडतो. अकरा म्हणजे ऐन माध्यान्ह! आणि ऊन तरी कसलं? एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य तिथे बरोबर माथ्यावरून जातो. पुण्याचा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर असतो, त्यांचा त्याआधी साडेतीन आठवडे.

आम्ही पहिल्याच संध्याकाळी वेळापत्रक बदललं. साडेचारला उठायचं, पाच ते साडेआठ पाण्यात, मग नाश्ता, आणि साडेनऊनंतर उघड्या किनाऱ्यावर कुणी दिसायचं नाही. दुपारी एक ते चार विश्रांतीची आपली परंपरा तिकडे दहा ते अडीच अशी अलीकडे सरकवायची. सासूबाईंना हे फारच मानवलं. त्या एरवीही चारला उठलेल्याच असतात, तिथे पहिल्यांदाच सगळं घर त्यांच्या वेळेवर आलं. मुलीने कुरकुर केली, पण हॅवलॉक बेटाच्या काला पत्थर किनाऱ्यावर पहाटे आमच्याशिवाय चार माणसंही नव्हती, मग गप्प बसली.

कधी जायचं? मुलांच्या परीक्षा संपल्या की लगेच. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत समुद्र बहुधा शांत असतो आणि पाणी नितळ. मेच्या मध्यानंतर मात्र भरवसा नाही. मान्सून पुण्यात पोचायला १० जून उजाडतो, पण अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच येतो. २०२५ मध्ये तर १३ मेलाच आला. बंगालच्या उपसागरातली वादळंही मेमध्ये येतात. अम्फान २०२०, यास २०२१, असनी २०२२, मोखा २०२३, रेमल २०२४, सगळी मे महिन्यात. वादळ बेटांवर आलं नाही तरी समुद्र खवळला की बोटींच्या फेऱ्या बंद होतात आणि तुम्ही हॅवलॉकवर अडकता. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. टूरवाले "सकाळच्या बोटीने या, दुपारचं विमान पकडा" असा कार्यक्रम देतात. त्याला सरळ नाही म्हणा. आणि मेच्या उत्तरार्धात गेलातच तर राधानगरसारख्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर लाटा मोठ्या असतात, जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तर पाय भिजवून परत फिरायचं.

आता कपडे. उन्हाळा म्हणजे सुती, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय आणि पुण्यात ते खरंही आहे. पण जाड सुती कपडा तिकडे एकदा भिजला की वाळत नाही. आपल्या बाल्कनीत तासाभरात खडखडीत होणारा टॉवेल तिथे दुसऱ्या दिवशीही ओलसर, आणि वास वेगळाच. जीन्स तर नेऊच नका. पातळ मलमलचे कुर्ते, सैल लिननच्या पँट, धावायला जाताना घालतो तसले झटपट वाळणारे टी-शर्ट, हे ठीक. आणि एक बारीक गोष्ट. कापड वाळतं, नाडी वाळत नाही. सासूबाईंच्या परकराची नाडी सकाळी पिळली तर पाणी निघायचं, आणि ती कमरेला घासून घामोळं उठलं. इलॅस्टिकचे न्या. घामोळ्याची पावडर तर हवीच, आणि मांड्या घासतात त्यांनी आतून सायकलिंग शॉर्ट्स घालाव्यात. ओल्या कपड्यांत तासन्‌तास बसू नका, नायटा गजकर्णाला तेवढं निमित्त पुरतं. दोन मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे तुळशीबागेत किरकोळ पैशात मिळतात; हॉटेलच्या बाल्कनीत त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही.

स्कूटरवरचा सनकोट आणि तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ घरी ठेवा. बोटीवरच्या वाऱ्यात स्कार्फ टिकत नाही आणि आत गुदमरायला होतं. त्याऐवजी हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली रुंद काठाची टोपी, आणि पाण्यात घालायला लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. या टी-शर्टवर पैसे खर्च करा, असं मी मुद्दाम सांगते, कारण सनस्क्रीनचं गणित कुणी करत नाही. मोठ्या माणसाला अंगभर एकदा लावायला साधारण तीस मिलिलिटर लागतं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब एका माणसाला दोन वेळाही धड पुरत नाही, आणि आपण तीच चौघांत आठवडाभर पुरवतो! बाही लांब असली की फक्त चेहरा, मान, हाताचे पंजे आणि पावलं उरतात. पावलांच्या वरची बाजू विसरू नका. स्नॉर्केलिंग करताना गुडघ्यामागचा भाग आणि मानेमागची पट्टी भाजते, कारण तुम्ही खाली तोंड करून तरंगत असता आणि पाण्यामुळे चटका कळत नाही. एसपीएफ (ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा) तीस आणि पन्नास यांत फरक थोडाच, भाजणारे किरण ९७ टक्के अडवले की ९८ टक्के एवढाच. लावायचं प्रमाण जास्त महत्त्वाचं.

घेताना झिंक ऑक्साइडचं बघा, ऑक्सिबेन्झोन असलेलं टाळा. ते प्रवाळांना घातक ठरतं म्हणून हवाईने २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली. अंदमानातलं पाणी एप्रिल-मेमध्येच सगळ्यात तापतं, आणि २०१० च्या उन्हाळ्यात तिथल्या प्रवाळांचं मोठ्या प्रमाणावर विरंजन झालं होतं, रंग उडून पांढरे पडले. आधीच भाजलेल्यांवर आपलं तेल कशाला सोडायचं? झिंकचं लावलं की चेहरा पिठासारखा पांढरा दिसतो, फोटो बिघडतात. बिघडू द्या.

पायात फ्लोटर्स. कोल्हापुरी, चामडी सँडल अजिबात नको. पाण्यात उतरायला रबरी तळाचे बूट हवेत, कारण नील बेटाच्या भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीला मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे पायाखाली येतात आणि दगडांच्या फटीत काटेरी समुद्री अर्चिन बसलेले असतात. नीलवरचा नैसर्गिक दगडी पूल पाहायचा तर ओहोटीच पाहिजे. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा, आणि ती भर दुपारी येत असेल तर छत्री घ्या. घडीची छत्री ऊन-पाऊस दोन्हीला लागते.

वाळूतल्या बारीक माश्यांबद्दल आम्हाला कुणी बोललं नव्हतं. चावताना कळत नाही. दुसऱ्या दिवशी घोट्यांवर लाल पुरळ उठतो आणि खाज अशी की झोप उडते. पहाटे आणि सूर्यास्ताला, नेमक्या आपल्या वेळांना, त्या जास्त असतात. तिथल्या शहाळेवाल्या मावशींनी मुलीचे पाय बघून विचारलं, "खोबरेल नाही लावलं?" जाड थर लावला की माश्या त्यात अडकतात, असं त्यांचं म्हणणं. लावलं, आणि फरक पडला. वाळूवर टॉवेल टाकून लोळण्याऐवजी ओंडक्यावर किंवा बाकावर बसा. कॅलामाइन बरोबर असू द्या, आणि खाजेची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

पाण्याचं सांगायला नको, पण तरी सांगते. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामातून मीठही जातं. ओआरएसची पाकिटं न्या, आणि घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा. गोड सरबताचे खोके वेगळे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळी मुबलक मिळतात. खाऊ म्हणून मेतकूट, दाण्याची चटणी नेली ती चांगली टिकली. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते ज्वलनशील मालात मोडतं, तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या पाठवायच्या आग्रहाला बळी पडू नका. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक जलद बोटीने दीड-दोन तास. उलटीचा त्रास असेल तर गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि मग आलेपाकाची वडी तोंडात. सासूबाई आलेपाकावरच निभावल्या. आतला एसी इतका गार की ओढणी लागते, म्हणून ती आणि औषधं हातातल्या पिशवीत. मोठं सामान बोटवाले वेगळं ठेवतात. आमची एक बोट दोन तास उशिरा सुटली आणि पत्र्याच्या शेडखाली बसवून ठेवलं, तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणि हातपंखा यांनीच वाचवलं. सुट्टीत तिकिटं लवकर संपतात, पुण्यातूनच काढा. हॅवलॉकवर रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क रुसलं की फोनवरचे पैसे कामाचे नाहीत. स्कूबा करणार असाल तर ते शेवटच्या दिवशी नको. एका बुडीनंतर किमान बारा तास आणि जास्त असतील तर अठरा तास विमानात बसायचं नसतं.

सेल्युलर जेलला सकाळी लवकर जा. सात हातांपैकी तीनच उरलेत, पण त्यांच्यामधलं अंगण उघडं आहे आणि फरशी दहानंतर तापते. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर, जिने चढावे लागतात, गुडघे धरलेल्यांनी दम खात चढावं. त्या कोठडीत दुपारी पाच मिनिटं उभं राहिलं की आर्द्रतेचा आकडा पुन्हा बघायची गरज उरत नाही. माझा नवरा एरवी सहलीत अखंड बोलतो. तिथून बाहेर आल्यावर त्याने आधी पाणी मागितलं.

मगरींबद्दल फलक लावलेले असतात. ते शोभेसाठी नाहीत. जिथे पोहायची परवानगी आहे तिथेच, आणि अंधारात पाण्यात नाही. शिंपले, प्रवाळाचे तुकडे वेचायचे नाहीत, परतीच्या तपासणीत काढून घेतात आणि कायदाही आहे. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर विमानतळाच्या रांगेत रडारड. आणि सगळ्यांत शेवटी, परतीच्या प्रवासाचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पहिल्या दिवसापासूनच बॅगेच्या तळाशी ठेवा, त्याला हात लावायचा नाही. चेन्नईत पुढच्या विमानासाठी चार तास एसीत बसायचं असतं, तेव्हा तोच लागतो.