न्यूमोनिया दरवेळी त्याच जागी: मुलीच्या निदानाचा माझा अनुभव

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मुलगी नववीत होती तेव्हा तिचा ताप-खोकला हटेचना. कधी बेडक्यात रक्ताची रेघ. औषधानं उतरायचं, पावसाळा लागला की उलटायचं. एका दवाखान्यात टीबी धरूनच गोळ्या सुरू झाल्या. बेडक्याच्या सीबीनॅट तपासणीत टीबी निघाला नाही, तरी गोळ्या चालूच. गावानं मात्र टीबी पक्का करून टाकला. मैत्रिणींच्या आयांनी पोरींना आमच्याकडे पाठवणं बंद केलं. दुखण्यापेक्षा पोरीला तेच जास्त लागलं. मला अजून त्याचा राग येतो.

छातीचे सगळे जुने फोटो तिच्या आईनं कपाटात जपून ठेवले होते. नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी ते तारखेप्रमाणे उजेडाच्या पेटीवर लावले.

"भाऊ, डाग बघा. दरवेळी डावीकडे, खाली, पाठीच्या बाजूला. ती बरी होती तेव्हाच्या फोटोतही पुरता गेलेला नाही. हे जन्मापासूनचं असू शकतं."

त्यांनी सीटी अँजिओग्राफी लिहून दिली. साधा सीटी आधी झाला होता; रिपोर्टात न्यूमोनिया आणि पाणी भरलेल्या पोकळ्या, एवढंच. मी म्हटलं, "सीटी तर झाला ना जी, पुन्हा कशाला?" ते म्हणाले, "त्यात फुफ्फुस दिसलं. त्या भागाला रक्त कुठून येतं, ते आता बघायचं आहे."

आधी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासलं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारलं. हाताच्या शिरेतून डाय, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, सोडला. अंगभर गरम लागेल, घाबरायचं नाही, हे टेक्निशियन ताईंनी तिला आधीच सांगितलं, म्हणून ती शांत राहिली. सगळी करामत वेळेची असते. डाय महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, पोहोचला की त्याच क्षणी चित्रं घ्यायची, तेवढा वेळ श्वास धरायचा. पोटाचा वरचा भागही घेतला, कारण अशी धमनी कधीकधी छाती-पोटामधल्या पडद्याच्या खालून, पोटातून वर येते.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला स्क्रीनसमोर बसवलं. फुफ्फुसाला शुद्ध व्हायला येणारं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून येतं. इथं छातीतल्या महाधमनीतून एक जाड धमनी निघून सरळ डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात शिरली होती. रक्त परतत होतं ते मात्र फुफ्फुसाच्याच शिरेतून. तो तुकडा श्वासनलिकांना नीट जोडलेला नव्हता, म्हणून तिथला संसर्ग साफ होत नव्हता. आजाराचं नाव पल्मोनरी सिक्वेस्ट्रेशन, इंट्रालोबर प्रकार, म्हणजे दोष असलेला तुकडा फुफ्फुसाच्या लोबच्या (भागाच्या) आतच असतो. अशाच दुसऱ्या एका जन्मजात दोषात उजव्या फुफ्फुसाची शीर खाली मोठ्या महाशिरेला मिळते आणि एक्स-रेत वाकड्या तलवारीसारखी सावली पडते, तेही त्यांनी सांगितलं.

"धमनी किती, कुठून निघते, शीर कुठं जाते, हे सर्जनला आधी माहीत हवं," मॅडम म्हणाल्या. "महाधमनीचा दाब असतो तिला. नकळत कापली गेली तर रक्त आवरत नाही." पूर्वी कुणीतरी त्या डागात सुई घालून तुकडा तपासायला सांगितलं होतं. तो बेत तिथंच सोडला.

ऑपरेशनात सर्जननी आधी ती धमनी बांधली, मग खालचा लोब काढला. धमनी रिपोर्टात लिहिलेल्या जागीच सापडली. काढलेल्या भागाच्या तपासणीत टीबी नव्हता. तो कागद मी शाळेत नेऊन दाखवला आणि मैत्रिणींच्या घरीही.