मलुंगाची गाठ

भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. अकीक या रंगीत दगडाच्या खाणी इथल्याच. बावा गोर हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून आले आणि अकीकाचा धंदा त्यांनी मांडला, असं इथले सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे लोक, सांगतात. मी गेले होते त्यांचं मलुंगा हे वाद्य ध्वनिमुद्रित करायला.

लांब धनुष्य, एकच तार, दांड्याला बांधलेला सुका भोपळा, तारेवर मारायला काडी. आवाज इतका नाजूक, की शेजारी मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल सुरू झाला की मलुंगा संपलाच. स्टेजवरच्या धमाल या सिद्दी नाचातून तो मागे पडला तो यामुळेच. आयोजकांना डोक्यावर नारळ फोडणारी माणसं हवीत, एका तारेसाठी ध्वनिक्षेपक नीट लावायला कुणाला वेळ आहे? मला या गोष्टीचा खरंच संताप येतो.

माईक तारेजवळ धरला तर नुसती काडीची टकटक येते. वादक भोपळ्याचं तोंड अंगाला टेकवतो, सोडतो. स्वराचा रंग पालटतो तो तिथे. म्हणून माईक भोपळ्यापासून वीतभर, जरा तिरका. तेव्हा कुठे दोन स्वर सुटे ऐकू आले.

दोन, कारण भोपळ्याची दोरी तारेला मधेच दांड्याकडे ओढून धरते. तारेचे दोन लहानमोठे तुकडे पडतात. मलुंगा दिसला की जाणकारसुद्धा ‘हे तर ब्राझीलचं बेरिम्बाऊ’ म्हणून मोकळे होतात. पण बेरिम्बाऊचा भोपळा पार खालच्या टोकाला असतो, स्वर बदलायला तारेवर नाणं किंवा दगड दाबतात, आणि त्याचं गोत्र अंगोलाचं. मलुंगाच्या दोरीची ही मधली गाठ मला मोझांबिकच्या दक्षिणेकडे नेते. तिथल्या चितेंदे या धनुष्यवाद्याची तार अशीच मधे बांधलेली असते. मोझांबिक, दीव, दमण, गोवा इथे पोर्तुगीजांचाच अंमल होता, आणि त्यांच्या जहाजांतून माणसं गुलाम म्हणून इकडे आणली गेली.

चितेंदेचं मुद्रण मी मोबाइलवर वादक चाचांना दाखवलं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “तुंबा बहुत कस के बाँधा है. साँस कहाँ से लेगा?” नंतर विचारलं, हा कोणत्या पीरासमोर वाजवतोय? म्हटलं, चाचा, पीर नाही, एकटा माणूस स्वतःच्या गाण्याला साथ करतोय. ते त्यांना पटेना. “हमारे बावा तो हबश के थे,” एवढंच म्हणाले.

मी तिथेच अडकले आहे. संत हबसाणचे आणि वाद्य कितीतरी दक्षिणेचं, हे दोन्ही खरं असू शकतं. वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून आलेली माणसं एकाच दर्ग्याभोवती जमली असतील. मला तसंच वाटतं. पण एकट्याच्या गाण्याचं वाद्य जिक्रात, म्हणजे पीरासमोर मिळून गायच्या भक्तिगाण्यात, कसं आलं, हे गाठ सांगत नाही. आता दोन्हीकडच्या मुद्रणांतली स्वरांतरं मोजते आहे. चाचा वाजवण्याआधी गाठ थोडी सरकवतात, त्यामुळे एका मुद्रणावर भागणार नाही. पुढच्या खेपेला गाठीची जागा मोजपट्टीने लिहून घ्यायची आहे, प्रत्येक जिक्राआधी.